तीन वर्षांच्या हट्टात पंधराव्या वर्षीचा संताप वाचता येतो का?

सावली : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. तीत मुलाला राग आणि निराशा कितपत आवरता येते, याचीही नोंद व्हावी असे माझे मत आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांच्या आत्मसंयमाची तिसऱ्या वर्षापासून नोंद ठेवली गेली. ज्यांचा संयम कमी भरला त्यांच्यात धूम्रपान आणि लवकर शाळा सोडणे अधिक आढळले, आणि बत्तिसाव्या वर्षी आरोग्य व पैसा या दोन्ही बाबतींत ती मागे होती. घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरूनही हे नाते टिकले.

कडुनिंब : मी बालवाडीत शिकवते. गेल्या जूनमध्ये एक मुलगा रंगीत खडू मोडला तरी फरशीवर लोळण घेत असे. दिवाळीनंतर ते थांबले. दरम्यान एवढेच घडले होते की त्याची आजी गावाहून राहायला आली. जूनमध्ये तपासणी झाली असती तर त्याच्या नावावर शिक्का बसला असता. समोर ठेवलेली गोड मिठाई लगेच न खाता मूल किती वेळ थांबते हे पाहणाऱ्या प्रसिद्ध प्रयोगाची २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर फेरतपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती विचारात घेताच चौथ्या-पाचव्या वर्षीचा संयम आणि पंधराव्या वर्षीचे वर्तन यांत फारसा संबंध उरला नाही. हजार मुलांतला कल एका मुलाच्या कपाळी लिहिता येत नाही.

पारिजात : माझी मुलगी लहानपणी इतकी शांत होती की शेजारी तिचे उदाहरण देत. आता नववीत आहे. जेवणाचे ताट तसेच ठेवून खोलीत जाते आणि दोन-दोन दिवस बोलत नाही. या नोंदीत ती सापडली असती का?

सावली : नसती, हे मान्य, गप्प मुलांसाठी वेगळे प्रश्न लागतील. पण आजीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण दुसऱ्या तपासणीत तो फरक दिसलाच असता. रोमानियातील बुखारेस्टमध्ये अनाथालयातील १३६ बालकांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून निम्मी त्यांचा सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. त्यांतील जी दोन वर्षांच्या आत घरात आली, त्यांच्या शरीराचा ताणाला मिळणारा प्रतिसाद बाराव्या वर्षाच्या सुमारास घरीच वाढलेल्या मुलांसारखा आढळला. उशीर महागात पडतो तो असा.

कडुनिंब : त्या बालकांना घर मिळाले होते, कार्डावरची खूण नव्हे. मूल रात्री कोणाजवळ झोपते आणि संध्याकाळी त्याच्याशी कोण बोलते, हे आईला विचारणार असाल, तर मी स्वतः नोंदवही घेऊन बसेन.