मालवणच्या डायव्हिंग होडीसाठी व्हीएचएफ आणि जीपीएस: कोणते घ्यावे?

प्रश्न:
सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबासाठी आम्ही २२ फुटी फायबरची होडी चालवतो. सध्या हातात धरायचा ५ वॅटचा व्हीएचएफ (समुद्रावर बोलण्यासाठीचा रेडिओ संच) आहे. त्याऐवजी होडीवर कायमचा बसवायचा २५ वॅटचा संच घ्यावा का, आणि चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा आणि त्यातली होडीची जागा दाखवणारे यंत्र) खरोखरच लागतो का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर:
वॅटपेक्षा आधी अँटेनाच्या उंचीकडे पाहा, कारण व्हीएचएफच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यातच पोहोचतात. पाण्यापासून १ मीटर उंचीवर हा टप्पा सुमारे ४ किलोमीटरचा असतो, तर ४ मीटरवर तो ८ किलोमीटरपर्यंत जातो. २५ वॅटचा संच जरूर घ्या, पण डीएससी (बटण दाबून संकटाचा डिजिटल संदेश पाठवायची सोय) असलेलाच. त्यात नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक (होडीच्या रेडिओची ओळख) भरून जीपीएस जोडलेला असेल, तरच संकटाचे लाल बटण दाबल्यावर तुमचे ठिकाण चॅनेल ७० वरून आपोआप कळवले जाते. हातातला संच मात्र विकू नका. होडीची बॅटरी बसली की तोच उरतो.

दुसरे उत्तर:
किल्ल्याभोवतीच्या खडकांबाबत चार्टप्लॉटरपेक्षा तुमच्या तांडेलावर (होडी हाकणाऱ्या अनुभवी नाविकावर) भिस्त ठेवलेली बरी. खोली दाखवणारा साधा फिशफाइंडर-जीपीएस पुरेसा आहे, कारण डायव्हर जिथे उतरले ती जागा त्यात खूण करून ठेवता येते. पडदा भर उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर नेऊन पाहावे. माझ्या पहिल्या संचाचे जोड खाऱ्या हवेने सहा महिन्यांत हिरवे पडले होते, म्हणून कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर वापरा.