जाहिरातीला चौकशीचे फॉर्म येतात, पण बहुतेक नोकरीसाठी. बंद करू का? (मदत हवी आहे)

मकरपुरा_शॉपफ्लोअर: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं लहान युनिट आहे, पंपांची मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टजवळची गळती थांबवणारा भाग) बनवतो आणि दुरुस्त करतो. व्यावसायिक नेटवर्कवर महिनाभर जाहिरात चालवली, २२ हजार गेले. ४१ फॉर्म आले, त्यातले ३४ नोकरी मागणारे. वडील म्हणतात बंद कर. संध्याकाळपर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा.

रावपुरा_७७: साइट कोणती? दाखवताय कोणाला? जाहिरातीत फोटो कसला?

मकरपुरा_शॉपफ्लोअर: पर्चेसवाल्यांनाच, दुसऱ्या कोणाला दाखवणार? अख्खा गुजरात निवडलाय.

रेवाकाठ: मी लिंक्डइनवर चालवते, तिथलं सांगते. प्रेक्षक आपोआप वाढवायची खूण आधीच लागलेली असते, ती काढा. अनुभवाच्या पातळीत 'एन्ट्री' आणि 'ट्रेनिंग' वगळा. पण फार गाळू नका, ३०० सभासदांच्या खाली गेलात तर मोहीम सुरूच होत नाही.

जुना_सेल्समन: हे सगळं सोडा. पिशवीत दोन सील घ्या आणि नंदेसरीच्या कारखान्यांत जा. मेंटेनन्सवाल्याशी ओळख ठेवा. रात्री पंप गळायला लागला की त्याला तुमचा नंबर आठवला पाहिजे. मी २५ वर्षं असाच धंदा केला.

रेवाकाठ: काका, आता अपॉइंटमेंटशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत.

जुना_सेल्समन: ताई, ओळख असली की सोडतात. अंकलेश्वरला जाताना भरूचच्या पुलावर तासन् तास अडकायचो, तरी जायचो. २०१७ला केबलचा पूल झाला, आता तर सोपं आहे.

हिशेबनीस: बिलिंगमध्ये स्वतःचा जीएसटी नंबर टाकलाय ना? जाहिरातीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, बरेच जण सोडून देतात.

रावपुरा_७७: पुलाचं आणि कराचं नंतर. फोटो कसला आहे ते अजून कळलं नाही.

मकरपुरा_शॉपफ्लोअर: आमची पाच माणसं लेथजवळ उभी आहेत. वर लिहिलंय, 'आमच्या टीमला भेटा'.

रावपुरा_७७: अहो, मग भरतीचीच जाहिरात वाटणार! खराब सीलचा फोटो टाका. पंप कोरडा चालला की सीलच्या फेसवर (घासणाऱ्या पृष्ठभागावर) केसासारखे तडे जातात ना, ते जवळून दिसू देत. मेंटेनन्सचा माणूस तिथे थांबणारच. फॉर्ममध्ये स्वतःचा एक प्रश्न घालता येतो, तिथे 'शाफ्ट किती मिमी?' विचारा. नोकरीवाला तिथेच अडेल. आणि उरलेल्या सात जणांचं काय झालं?

मकरपुरा_शॉपफ्लोअर: तिघांना ईमेल केला. उत्तर नाही.

रेवाकाठ: फॉर्ममध्ये प्रोफाइलवरचा ईमेल आपोआप भरला जातो, तो बऱ्याचदा घरचा जुना असतो. कंपनीच्या बोर्डावर (मुख्य नंबरवर) फोन लावून तो माणूस मागा. सातही जणांना, आजच.

जुना_सेल्समन: फोन केला की भेटायलाही जा.

मकरपुरा_शॉपफ्लोअर: दोन फोन झाले. एकाचा ४५ मिमीचा शाफ्ट आहे, सोमवारी ड्रॉइंग पाठवतोय. दुरुस्तीला आलेलं एक सील टेबलावर आहे, त्याचाच फोटो काढतोय. जाहिरात तोवर थांबवली आहे.