टेक्सासमधले वारसाहक्काचे मिनरल राइट्स: तेल कंपनीला लीजवर द्यावेत का?

मृदुला_के
नमस्कार मंडळी. माझा नवरा टेक्सासचाच. कार्न्स काउंटीत त्याच्या आजीची १६० एकर जमीन होती. वरची जमीन आत्येसासूबाईंना मिळाली आणि खालचे मिनरल राइट्स (जमिनीखालच्या तेल-वायूवरचे हक्क) आठ नातवंडांत सारखे वाटले गेले, म्हणजे आमचे २० एकर. आता एका तेल कंपनीचा लँडमन, म्हणजे लीज मिळवणारा माणूस, मागे लागलाय. तीन वर्षांची लीज, पुढे दोन वर्षं वाढवायचा हक्क कंपनीकडे, लीजसाठी एकरी एकरकमी बोनस आणि विकलेल्या तेलातला ३/१६ हिस्सा, म्हणजे रॉयल्टी. सही करावी का? वकिलावर ५०० डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. आत्येसासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, तिथेच राहतात, गाई पाळतात. त्यांना त्रास होता कामा नये.

कॅटीकर
३/१६ वर अजिबात सही करू नका. माझ्या लीजमध्ये २५ टक्के आहेत आणि तेही पहिल्याच फोनवर मिळाले. हिशेब बघा. विहिरीसाठी आसपासची जमीन एकत्र करून ६४० एकरांचं युनिट केलं, तर त्यात तुमचे २० एकर. महिन्याला ७ लाख डॉलरचं तेल विकलं गेलं, तर ३/१६ ने तुम्हाला साधारण ४,१०० मिळतील, २५ टक्क्यांनी ५,४७०. ह्यूस्टनचा चांगला तेल-वायू वकील गाठा. चार हजार जातील, पण वसूल होतात.

मृदुला_के
चार हजार नाही जमणार, वर लिहिलंय.

जोशी_मिडलंड
रॉयल्टीच्या आकड्यापेक्षा कापाकापी बघा. तेलावर राज्याचा ४.६ टक्के कर जातोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या कंपनीने गॅस गोळा करणं, कॉम्प्रेशन, वाहतूक, सगळं आमच्या हिश्शातून वळतं केलं. लीजमध्ये 'खर्च वजा न करता रॉयल्टी' असं स्पष्ट नसेल तर भांडायला जागाच राहत नाही. रेलरोड कमिशनकडे गेलो (टेक्सासमध्ये तेल-वायूचं नियमन तेच करतं), ते म्हणाले लीजचे वाद आमच्याकडे येत नाहीत, कोर्टात जा.
दुसरं, प्यू क्लॉज घाला, म्हणजे मुदत संपल्यावर युनिटबाहेरची जमीन लीजमधून सुटते. आमच्याकडे एका कोपऱ्यात एक विहीर रडतखडत चालू आहे आणि तेवढ्यावर सगळी जमीन कंपनीने अडकवून ठेवलीय. तीन वर्षं नुसती नावाला.

प्राजक्ता७१
विकून मोकळ्या व्हा. २० एप्रिल २०२० ला तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला होता. आमच्या ओळखीत रॉयल्टीवर घराचा हप्ता ठरवणाऱ्यांची झोप उडाली होती. रोख घ्या, फंडात टाका.

कॅटीकर
वायदा उणे गेला म्हणजे विहीर उणे जात नाही. मी २०२० मध्येही विकलं नाही आणि आज २५ टक्के घेतोय.

अभी_सातारा
आपल्याकडे हा तापच नाही. सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमिनीखालचं सगळं सरकारचं.

तळेगावकर_वकील
सरसकट तसं नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मलबारच्या जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला, की कायद्याने काढून घेतलं नसेल तर खालचं खनिजही मालकाचं. तेलासाठी मात्र १९४८ चा वेगळा कायदा आहे.

अभी_सातारा
म्हणजे तेल सरकारचंच झालं ना?

जोशी_मिडलंड
धागा टेक्सासचा आहे हो. मृदुलाताई, प्यू क्लॉज विसरू नका.

नेहा_सॅन_अँटोनियो
जोशींना +१, प्यू क्लॉज हवाच. आत्यांचा प्रश्न मात्र तुमचा नाही. जमीन त्यांची, त्यांनी बघावं. तुम्ही बोनस वाढवून घ्या.

प्राजक्ता७१
नेहाशी सहमत. भावनेत पैसे घालवू नका.

शिरीष_तुल्सा
नेहा, 'त्यांनी बघावं' म्हणून चालत नाही. टेक्सासमध्ये मिनरलवाल्याचा हक्क वरचढ. तेल काढायला लागेल तेवढी वरची जमीन कंपनी वापरू शकते, आत्यांची परवानगी लागत नाही. पांढऱ्या कॅलिचीचा (चुनखडीच्या मुरमाचा) रस्ता गोठ्याशेजारून निघतो, रात्रभर टँकर चालतात, ड्रायव्हर फाटक उघडं टाकून जातात आणि गाई हमरस्त्यावर येतात. हे थांबवण्याची ताकद लीज देणाऱ्याकडे आहे. 'पृष्ठभागाचा वापर नाही' ही अट घाला. आडवी विहीर शेजारच्या जागेवरून मैल-दोन मैल आत येते, त्यामुळे कंपनी अनेकदा कबूल होते.
पण एकट्या तुमच्या अटीने भागणार नाही. आठ हिस्सेदारांतल्या एकानेही साधी लीज दिली, तर तिच्या जोरावर कंपनी तिथे उतरू शकते. आधी काउंटी क्लर्ककडे कुणाची लीज नोंदली गेलीय का बघा. मग आठ जण मिळून एकच वकील करा. कॅटीकरांचे चार हजार आठांत वाटले की ५०० च होतात.
बोनसचा कागदही नीट वाचा. चेक म्हणून देतात तो बहुधा ड्राफ्ट असतो, त्यावर बारीक अक्षरात 'टायटल (मालकी) मंजूर झाल्यावर, ३० बँक-दिवसांत' असं असतं. तोवर सही केलेली मूळ लीज त्यांच्या हातात देऊ नका.

मृदुला_के
शिरीष, मनापासून आभार. क्लर्ककडे कुणाचीच नोंद नव्हती, पण एक चुलत दीर त्याच आठवड्यात सही करणार होता. आता आठही जण एकत्र आलोय. कंपनीने पृष्ठभागाची अट आणि खर्च न कापण्याची अट मान्य केली, वाढीव दोन वर्षंही सोडली. बदल्यात रॉयल्टी ३/१६ च ठेवली आणि बोनस जवळजवळ निम्म्यावर आणला. आम्ही हो म्हणतोय.

कॅटीकर
बोनस निम्मा आणि वर ३/१६? २५ टक्के मिळतात हो, मला मिळाले आहेत. अजून सही झाली नसेल तर थांबा.

मृदुला_के
तुमचा हिशेब सगळ्यांना दाखवला, फरक कळतोय. आमच्या घरातले सगळे सणवार आणि सुट्ट्या आत्येसासूबाईंच्या त्याच घरात होतात आणि त्या तिथून हलणार नाहीत. तो फरक आम्ही सोडतोय.

जोशी_मिडलंड
प्यू क्लॉज?

मृदुला_के
घातलाय. युनिटबाहेरची जमीन तीन वर्षांनी मोकळी होईल.