नोटीस न देता नोकरी सोडावी का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. १४ जून २०२१ ला लागले. आता चाकणला चांगली नोकरी मिळतेय, पगारही बराच जास्त आहे, पण ते म्हणतात १ जूनला हजर व्हा. माझ्या नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस आहे.

आमच्याकडे नोटीस कुणी देतच नाही. सात तारखेला पगार खात्यात पडला की आठ तारखेपासून फोन बंद. राजीनामा दिला की साहेब बोलणं टाकतात आणि शेवटचा पगार रखडवतात, म्हणून लोक असं करतात. पण तसे गेलेल्यांना रिलीव्हिंग लेटरही मिळालेलं नाही. घरचे म्हणतात, तूही गुपचूप नीघ.

मला ते पटत नाही. गेजचं (मापं घ्यायच्या साधनांचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासणं, रिजेक्शनचं रजिस्टर, कुठल्या पार्टचा बोअर (आतलं भोक) सारखा मोठा येतो, हे सगळं माझ्याकडेच आहे. हाताखालची मुलगी नुकतीच आयटीआय करून आलीय. व्हर्निअर नीट धरते, पण बोअर गेज लावायला अजून कचरते. मी एकाएकी गेले आणि कस्टमरकडून माल परत आला तर बोलणी तिला खावी लागणार.

महिनाभर नोटीस देऊन उरलेल्या दिवसांचे पैसे भरले तर चालतं का? आणि पाच वर्षं भरायच्या आत निघाले तर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) बुडते का? बेसिक १८,००० आहे, डीए नाही.

प्रतिसाद

ताई, आधी राजीनामा ईमेलने द्या, म्हणजे तारीख नोंदली जाते. पैसे भरून सुटता येतं का आणि ते बेसिकवर कापतात की पूर्ण पगारावर, हे नेमणूकपत्रातच पाहा.

ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचे साधारण ५२,००० होतात. नोटीसचे दिवस कामावर असाल तर तेही नोकरीतच धरतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी हक्क लागतो असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय, पण कंपन्या त्यावर वाद घालतात. एवढ्यासाठी भांडत बसू नका, चाकणवाल्यांकडे १५ जून मागा, म्हणजे तोवर पाच वर्षं पुरी होतात. दोन आठवड्यांसाठी सहसा कुणी अडून बसत नाही आणि त्या मुलीलाही शिकवून होईल.

पीएफची एक्झिट डेट कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर स्वतः टाकता येते.