परदेशातून बडोद्याला परत आलात? अनुभव लिहा ना

दांडियाबाजार:
गेल्या महिन्यात तीन मैत्रिणींचे फोन आले, तिघींचा प्रश्न एकच, परत यावं का, मुलांचं कसं होतं. प्रत्येकीशी तास तास बोलले आणि मग लक्षात आलं की मला फक्त आमच्या घरचं माहीत आहे. म्हणून हा धागा. बडोद्याचंच लिहा प्लीज, कारण पुण्यात परत जाणं वेगळं, तिथे जिन्यात पण मराठीच ऐकू येते. आपण इथे घरात मराठी, बाजारात गुजराती, ऑफिसात हिंदी-इंग्लिश असे पिढ्यान् पिढ्या राहतोय, आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण बाहेरून येणाऱ्या पोराच्या अंगावर ह्या चारी भाषा एकदम येतात.

आम्ही न्यू जर्सीला 14 वर्षं होतो, जून 2023 मध्ये आलो. मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. त्याच वर्षी गुजरात सरकारनं कायदा केला, पहिली ते आठवी सगळ्या शाळांमध्ये, बोर्ड कुठलंही असो, गुजराती शिकवायलाच हवं. मुलाला एक अक्षर येत नव्हतं. पहिले दोन महिने तो जेवताना बोलायचाच नाही, रात्री विचारायचा आपण परत कधी जाणार, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. शिकवणीवाल्या बेन आल्या आणि गेल्या. शेवटी सासऱ्यांनी हातात घेतलं. पाटीवर खडूनं मराठी शब्द लिहायचे आणि बोटानं वरची रेघ पुसायची, म्हणायचे हे बघ, झालं गुजराती. ख, च, ज, झ अशी थोडी अक्षरं तेवढी वेगळी बसवून घेतली. तिकडे रविवारच्या मराठी शाळेत जे काही शिकला होता ते असं कामाला आलं. दिवाळीपर्यंत रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत चालायला लागला.

आज सासरे 81 आहेत, काचबिंदूमुळे पाटी दिसत नाही. अजून थोडे डॉलर साठू देत मग जाऊ, असं आम्ही चार वर्षं म्हणत होतो. आणखी दोन वर्षं म्हणालो असतो तर ती पाटी झालीच नसती.

मिक्सर, राइस कुकर अमेरिकेहून आणू नका, तिथलं 120 व्होल्ट आणि इथलं 230. लॅपटॉपचे चार्जर चालतात.

दुबईत 19 वर्षं:
ताई, छान लिहिलंत. मी पैशाचं लिहितो कारण त्यात मला फटका बसलाय. आखातात कितीही वर्षं काढा, नोकरी संपली की निघायचं हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे यावं का हा प्रश्नच नव्हता. ग्रॅच्युइटी मिळाली, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा मूळ पगार. चूक पुढे झाली. मला वाटायचं सहा महिने राहिलो की मग आपण निवासी, तोवर एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं चालू ठेवलं तर काय बिघडतं. तर ते दिवस मोजणं इन्कम टॅक्सचं झालं. फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा हिशेब वेगळा, कायमचं राहायला म्हणून आलात की आल्या दिवसापासून तुम्ही निवासी, बँकेला कळवून खातं बदलून घ्यायचं, आणि एनआरई एफडीचं व्याज तेव्हापासून करमुक्त राहत नाही. मला हे 14 महिन्यांनी कळलं, सीएकडे बसून सगळं निस्तरावं लागलं आणि वर व्याजासकट कर भरला. परकीय चलन ठेवायचं असेल तर परत आलेल्यांसाठी आरएफसी खातं मिळतं, ते आधीच विचारा.

चांगली बाजू पण सांगतो. आधीच्या 10 वर्षांतली 9 वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या 7 वर्षांत मिळून 729 दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिला नसाल, तर आरएनओआर हा निवासी आणि अनिवासी यांच्या मधला दर्जा मिळतो, साधारण दोन-तीन वर्षं. तेवढ्या काळात बाहेरच्या गुंतवणुकीवर बाहेरच मिळणाऱ्या उत्पन्नावर इथे कर नाही. तिकडचं काही विकायचं असेल तर ह्याच काळात.

मांजलपूर:
अमेरिकेत जन्मलेली मुलं असतील त्यांनी हे वाचाच. आमची दोन्ही मुलं कॅलिफोर्नियातली, त्यामुळे अमेरिकन नागरिक आणि इथे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड. थोरलीचं कार्ड 2010 चं. धाकट्याचं काम दर वर्षी व्हिसावर भागत होतं म्हणून राहून गेलं, ते काढलं ऑगस्ट 2021 मध्ये. आता 4 मार्च 2021 ला सरकारची अधिसूचना निघाली की मेडिकल प्रवेशाच्या नीटसारख्या परीक्षांमधून ओसीआय मुलांना फक्त एनआरआय कोट्यातल्या जागा. सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलं, ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं त्यांना हे लागू नाही. म्हणजे एका घरात, एका ताटात जेवणारी दोन भावंडं, एकीला भारतीय मुलांसारखी जनरल सीट आणि दुसऱ्याला एनआरआय फी. त्या तारखेपासून फक्त पाच महिन्यांचा फरक! धाकट्याला डॉक्टर व्हायचंय, ताईचं सगळं मटेरियल त्यानं आत्तापासून जपून ठेवलंय. त्याला हे अजून नीट सांगितलेलं नाही, कसं सांगायचं ते कोणी ह्यातून गेलं असेल तर लिहा, खरंच.

फत्तेगंज:
मी लीड्सहून आलो, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. आमचे सगळे कागद नीट होते, पैसे होते, युनिव्हर्सिटीत नोकरी होती. घर मिळत नव्हतं. फोनवर सगळं ठरायचं आणि मग दलाल आडनाव विचारायचा, आडनावावरून समजलं नाही तर मूळ गाव विचारायचा, आणि संध्याकाळी फ्लॅट गेला म्हणून मेसेज. असं सात वेळा. सातव्या वेळी मी मुलीला घेऊन सयाजीबागेजवळ संकल्पभूमीवर जाऊन बसलो. 1917 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्क-लंडनहून शिकून, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे नोकरीसाठी ह्याच गावात परत आले होते, आणि त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून सुद्धा लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं, तेव्हा ते त्या बागेत झाडाखाली बसले होते. मला शाळेपासून माहीत होतं हे. त्या दिवशी ते माहीत असणं वेगळं वाटलं.

घर मिळालं शेवटी, एका निवृत्त शिक्षिकेनं दिलं, तिनं फक्त विचारलं मुलगी रात्री रडते का. परत यायच्या याद्यांमध्ये शाळा, बँक, गॅस कनेक्शन सगळं असतं, हे नसतं, म्हणून लिहिलं.

दांडियाबाजार:
दादा, वाचून कितीतरी वेळ काही टाइप करता येईना. लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या गल्लीत सुद्धा हे विचारतात आणि मी आजवर गप्प बसलेय.

समा:
आम्ही मेलबर्नहून जून 2024 मध्ये आलो, तळमजला घेतला कारण आईचे गुडघे. जहाजानं पाठवलेलं सामान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, अर्धी खोकी उघडलीच नव्हती, आणि महिनाअखेरीला विश्वामित्रीचं पाणी घरात कमरेपर्यंत. वरच्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांचं नाव सुद्धा माहीत नव्हतं, आईला खुर्चीसकट उचलून वर नेलं, तीन दिवस आम्ही आठ माणसं त्यांच्या दोन खोल्यांत होतो, खिचडी आणि कढी. सोसायटीच्या मागे मगर दिसली म्हणून पोरांना खिडकीपाशी जाऊ देत नव्हतो. पोरांचे मेलबर्नचे सगळे फोटो, चित्रांच्या वह्या गेल्या. मुलगी मात्र त्या तीन दिवसांत काकूंकडून गुजराती बोलायला लागली, रोटली आपो ने, असं. आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो, त्याच बिल्डिंगमध्ये, लिफ्ट बसवली. नदीकाठी घर घेणार असाल तर आधी 2024 ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बघा, डाग अजून आहेत.

रावपुरा, आजी:
नातू टाइप करून देतोय. तुम्ही सगळे आईवडिलांसाठी आलो असं लिहिता म्हणून म्हटलं आमचंही लिहावं. माझा मुलगा टोरांटोहून आला त्याला दीड वर्ष झालं. हे गेल्यावर मी नऊ वर्षं एकटी राहिले, सकाळी भजनी मंडळ, दुपारी मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक, संध्याकाळी सुरसागरला एक फेरी. माझं चालू होतं हो. मुलगा आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं मला पायऱ्या चढू नको, बाहेरचं खाऊ नको, भजनाला रिक्षा नको असं सुरू केलं. मी तीन महिने ऐकलं आणि माझी भूक गेली. मग सुनेनं ओळखलं. तिनं त्याला सांगितलं, आईंना आपण सांभाळायला आलोय, बसवून ठेवायला नाही. आता गुरुवारी मी भजनाला जाते, येताना नातवासाठी शेव उसळ बांधून आणते, आणि रात्री बीपीची गोळी तो देतो. ती आधी मी कधीकधी विसरायचे, हे मी त्याला सांगितलेलं नाही. आता नातवाला कळलं.