इमर्जन्सी किटची एकच बॅग करायची की दोन?

शांतसागर:
घरात आम्ही चौघं, मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे. पूर, भूकंप, वादळ काहीही आलं तरी निदान तीन दिवस आपलं आपल्याला निभावता यावं म्हणून किट करायला घेतलंय. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा असं सगळीकडे सांगतात, म्हणजे आमचं ४८ लिटर झालं, ते बॅगेत मावणार कसं? आणि लाइट गेले तर इन्सुलिनचं काय करायचं? टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी घेऊन झालीये, अजून काय राहतंय ते प्लीज सांगा.

पाऊलवाट_७:
४८ लिटर म्हणजे ४८ किलो, ते घेऊन कोणी जिने उतरू शकत नाही. त्यामुळे दोन वेगळे साठे करा. एक घरात अडकलात तर लागणारा आणि दुसरा पाच मिनिटांत घर सोडावं लागलं तर उचलायचा. पाण्याचा मोठा साठा पहिल्यात, पण सगळं एकाच मोठ्या कॅनमध्ये नको, तो फुटला किंवा त्यात घाण गेली तर सगळंच गेलं. पुराची भीती असेल तर तळमजल्यावर ठेवू नका, भूकंपाची असेल तर उंच फळीवर नको. बॅगेत प्रत्येकाची एक बाटली आणि क्लोरीनच्या गोळ्या पुरेत. गोळ्या नसतील तर बिनवासाचं साधं ब्लीच, ५-६ टक्क्यांचं, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे २ थेंब घालून अर्धा तास थांबायचं, गढूळ असेल तर आधी गाळून मग दुप्पट थेंब. एक मात्र लक्षात ठेवा, पुराच्या पाण्यात पेट्रोल किंवा केमिकल मिसळलं असेल तर ते उकळून, ब्लीच घालून, कशानेच पिण्यालायक होत नाही.

औषधपेटी:
इन्सुलिनबद्दल लिहिते कारण यात लोक घाबरून भलतंच करतात. बहुतेक इन्सुलिन फ्रिजबाहेर, ऊन आणि फार उष्णता टाळली तर साधारण २८ दिवस चालतं, नक्की किती ते तुमच्या ब्रँडच्या पत्रकात बघून इन्सुलिनच्या पेनवर (ज्याने टोचतात तो) फ्रिजबाहेर काढल्याची तारीख घालून ठेवा. बर्फाला थेट टेकवून ठेवू नका, एकदा गोठलं की ते वितळल्यावरही वापरायचं नाही, फेकून द्यायचं. लाइट गेल्यावर फ्रिज उघडलाच नाही तर साधारण ४ तास थंड राहतो, तेव्हा सारखं दार उघडून बघू नका. बॅगेत सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या स्ट्रिप्स आणि जास्तीचा सेल, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, आणि साखर किंवा ग्लुकोज हवंच. धावपळीत जेवण चुकलं की शुगर खाली जाते, आणि दरदरून घाम, हाताला कापरं असं दिसलं की लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट वैद्यकीय मदत बोलवायची.

रात्रपाळी:
वरच्या दोघांशी सहमत. अजून एक, प्रत्येकाच्या पलंगाला बांधून ठेवलेली पिशवी, आत बूट आणि टॉर्च. भूकंपानंतर अंधारात जमिनीवर काचा असतात, अनवाणी उठलात तर पहिली जखम तिथेच होते. शिट्टीही ठेवा, ढिगाऱ्याखालून ओरडून घसा लगेच बसतो, शिट्टी तीनतीनदा वाजवत राहता येते. मेणबत्ती आणि लायटर नको, गॅस गळत असेल तर भडका उडेल. टॉर्चमधले सेल काढून बाजूला ठेवा, पडून पडून गळतात आणि टॉर्च कायमचा जातो. पॉवर बँक आपोआप उतरते, दर तीन महिन्यांनी चार्ज करा, त्याच दिवशी औषधांच्या तारखा बघा.
आणि संडासचं कोणी बोलत नाही, पण ड्रेनेज बंद पडलं की झाकणाची बादली आणि जाड पिशव्या लागतातच.

शांतसागर:
पाऊलवाट, औषधपेटीताई, रात्रपाळी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, पेनवर तारीख घालायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलगी नेमकी शाळेत असताना काही झालं तर काय करावं?

पाऊलवाट_७:
शाळा आपत्तीत मुलं कोणाच्या ताब्यात देते ते आत्ताच विचारून घ्या आणि त्या यादीत तुमच्याशिवाय दोन नावं घाला. दुसऱ्या गावातल्या एका नातेवाईकाचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या आणि दप्तरातही लिहून ठेवा. गावातल्या गावात फोन लागत नाहीत तेव्हाही बाहेर कधीकधी लागतो, आणि कॉल नाही लागला तरी एसएमएस बऱ्याचदा जातो, त्यामुळे सगळ्यांनी त्या एकाच माणसाला आपण कुठे आहोत ते कळवायचं.