फर्निचरच्या प्रदर्शनात ट्रेंड सापडतो, की हातात दिला जातो?

रंधा
मोठं फर्निचर प्रदर्शन फिरून आलेला माणूस हमखास यादी घेऊन येतो. यंदा गोल कडा, यंदा तपकिरी, यंदा भिंतीवर उभ्या खाचांची पॅनेलं. मी फर्निचर बनवून देण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे प्रदर्शनं बघणं कामातच येतं. तरी सांगतो, या यादीसाठी पायपीट करण्यात काही अर्थ नाही. यादी आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. आपण ती उतरवून घेतो आणि वर 'ट्रेंड ओळखला' म्हणून मिरवतो.

दहा स्टॉलवर एकाच छटेचा अक्रोड दिसला की लोकांना वाटतं, दहा डिझायनरांना एकाच वेळी तेच सुचलं. अहो, लॅमिनेटवरचं लाकूड म्हणजे छापील कागद. असा कागद छापणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या आणि छपाईचे कोरलेले सिलिंडर महाग. एकच नक्षी बऱ्याच बोर्ड कंपन्यांच्या गळ्यात मारल्याशिवाय ते परवडत नाही. दहा ठिकाणी तोच अक्रोड दिसतो तो त्यामुळे.

खरंच पुढचं काही बघायचं असेल तर मिलानच्या सालोने देल मोबिले या तयार फर्निचरच्या प्रदर्शनापेक्षा जर्मनीतल्या कलोनचं इंटरझुम बघा. विषम वर्षांत भरतं. तिथला मुख्य माल म्हणजे डेकोर पेपर म्हणजे तोच छापील कागद, बोर्डाच्या कडांवर चिकटवायच्या पट्टीचे (एज बँडिंगचे) रोल, बिजागऱ्या, ड्रॉवर सरकवणारे चॅनेल, फोम. तयार फर्निचरच्या प्रदर्शनात गेलातच, तर जिथे दिवा मारलेला नाही तिथे बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि तो पुढे किती झुकतो ते बघा. कपाटाची पाठ बघा. दाराच्या खालच्या कडेवर नख फिरवा. वरची कड सगळे नीट करतात, खालची करतीलच असं नाही.

मापपट्टी
असहमत. पुरवठादार ढकलतात हे कबूल, पण ढकललेलं सगळं चालत नाही. काय चाललं आणि काय पडलं, हे माणसं जिथे प्रत्यक्ष बसतात तिथेच कळतं. शिवाय तुमच्या हिशेबात डिझायनर म्हणजे नुसता नोकरमाणूस. १९६९ मध्ये गाएतानो पेशे या इटालियन डिझायनरने 'अप' मालिकेच्या खुर्च्या केल्या. पॉलियुरेथेन फोमच्या, हवा काढून चपट्या पॅक केलेल्या. पाकीट फोडलं की खुर्ची आपोआप फुगायची. ही कुठल्या पुरवठादाराच्या यादीत होती? १९८१ चं मेम्फिस, म्हणजे मिलानच्या डिझायनरांच्या गटाचं काम, घ्या. गटाचा म्होरक्या सोत्सास आणि मंडळींनी भडक नक्षीचं लॅमिनेट दिवाणखान्यातल्या शेल्फावर आणून बसवलं. तेसुद्धा मुख्य प्रदर्शनात नाही, मिलान शहरातल्या एका गॅलरीत.

रंधा
मेम्फिसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, मापपट्टी. ते लॅमिनेट बनवून देणारी कंपनी, आबेत लामिनाती, त्यांच्याबरोबर होतीच.

मापपट्टी
बरोबर होती, पण नक्षी सोत्सासची होती. कागद कुणी छापला आणि छापायचं काय हे कुणी ठरवलं, यात फरक आहे की नाही?

घाऊक
दोघंही जरा हवेत आहात. मी माल विकत घेणारा माणूस. प्रदर्शनातल्या बऱ्याच वस्तू नमुने असतात. ऑर्डर आल्या तर बनणार, नाहीतर तिथेच संपल्या. मी स्टॉलवर दोनच गोष्टी विचारतो, 'डिलिव्हरी कधी?' आणि 'कमीत कमी किती नग?' समोरचा गुळमुळीत बोलायला लागला की समजायचं, वस्तू फोटोसाठी आणली आहे. अमेरिकेत हाय पॉइंट गावी फर्निचरचा बाजार एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा भरतो, फक्त धंदेवाल्यांसाठी. पहिल्या फेरीत घेतलेला माल दुसऱ्या फेरीत पुन्हा मागावा लागला, तर त्याला मी ट्रेंड म्हणतो. बाकी सगळी सजावट.

खिडकीपाशी
मी धंद्यातली नाही. घर लावायचं म्हणून बघते. माझा प्रश्न असा की संध्याकाळपर्यंत सगळे फोटो मोबाइलवर येतातच, मग जायचं कशाला?

मापपट्टी
फोटोत बैठकीची उंची कळत नाही म्हणून, ताई. सध्या जमिनीलगतचे सोफे परत आले आहेत. मारिओ बेलिनी या डिझायनरचा कामालेओंदा सोफा १९७० चा, तो २०२० मध्ये पुन्हा बाजारात आणला. १९७३ च्या तोगो सोफ्याचे फोटो तर जिकडेतिकडे. दिसतात झकास. नेहमीच्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. त्याहून बरंच खाली बसलात की उठताना गुडघे बोलायला लागतात. आणि तोगोच्या एकट्या खुर्चीला हात नाहीत, म्हणजे टेकू घ्यायचीही सोय नाही. प्रदर्शनात जाऊन निदान हाताचा आधार न घेता उठून बघता येतं.

कापडाचंही तसंच. बुक्ले, म्हणजे ते गाठीगाठींचं लोकरीसारखं कापड, फोटोत ढगासारखं दिसतं. हात लावून बघा. घड्याळाचा पट्टा किंवा मांजराचं नख त्या फासांत कसं अडकतं ते तिथल्या तिथे कळतं. कापडाची मार्टिनडेल चाचणीही विचारा. किती घासलं की झिजतं त्याचा तो आकडा. घरातल्या रोजच्या वापराला २०-२५ हजारांच्या आसपास असावा. स्टॉलवरच्या माणसाला आकडा ठाऊक नसेल, तर तेही एक उत्तरच.

खिडकीपाशी
हे उपयोगाचं. पण मग तुम्ही सांगताय ती वस्तू पारखायची रीत झाली. ट्रेंड ओळखायची कुठे झाली?

कोरी भिंत
खिडकीपाशी, नेमकं बोललात. रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पँटोन ही रंगांचे नमुने ठरवणारी कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२४ चा पीच फझ, २०२५ चा मोका मूस, २०२६ चा क्लाउड डान्सर. पीच, मग तपकिरी, मग पांढरा. घरातला सोफा इतक्यांदा कोण बदलतो? त्यात प्रदर्शनाचा हॉल ही निव्वळ फसवी जागा. स्टॉलला छत नसतं, वर मैदानासारखी मोकळी उंची, त्यामुळे तीन मीटरचा सोफा आटोपशीर वाटतो. दिवे बहुधा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे (आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा). त्यांच्याखाली तपकिरी रंग ऊबदार दिसतो. घरी ४००० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच चिखलासारखा. मला तर दाट संशय आहे की निम्मे 'रंगांचे ट्रेंड' दिव्यांचे असतात.

मापपट्टी
निम्मे जरा जास्तच झाले. पण छताचं खरं आहे. मी हॉलमध्ये नुसत्या नजरेवर कधीच विसंबत नाही, टेप लावतो. आणखी एक, जमलं तर शेवटच्या दिवशी जा. तोवर हजारो माणसं त्या सोफ्यावर बसून उठलेली असतात. गादी कुठे खचली, शिलाई कुठे ताणली, दाराची फट कुठे वाकडी झाली, सगळं उघड दिसतं. पहिल्या दिवशी नुसता मेकअप.

घाऊक
शेवटच्या दिवशी निम्मे लोक सामान गुंडाळत असतात. आणि दाराची फट बहुतेकदा वाहतुकीत आणि घाईच्या जोडणीत बिघडते. त्यावरून कारखान्याची परीक्षा करू नका. कलोनचंच आयएमएम हे तयार फर्निचरचं प्रदर्शन २०२५ मध्ये रद्द झालं. त्या वर्षी नवं फर्निचर बाजारात आलं नाही का? आलं. म्हणजे प्रदर्शनाशिवाय ट्रेंडचं अडत नाही, एवढं रंधांचं मी मान्य करतो. पण त्यांचं ते ड्रॉवर ओढणं... गिऱ्हाईक ड्रॉवर ओढत नाही हो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, 'अस्सं हवंय.'

रंधा
आणि वर्षभराने चॅनेल कुरकुरायला लागला की फोन मला येतो. फोटो टाकणाऱ्याला येत नाही.

खिडकीपाशी, तुमचा प्रश्न टाळला नाही. माझ्या मते ट्रेंड ओळखायचा तर आकारावरून नाही, जोडणीवरून ओळखा. हँडल नसलेलं, दाबून उघडणारं दार इतकं पसरलं ते तसं फिटिंग सहज मिळायला लागल्यावर. खाचांची पॅनेलं तयार पट्ट्यांमध्ये मिळू लागली आणि मग प्रत्येक टीव्हीमागे चिकटली. आधी सामान येतं, मागाहून 'शैली'.

मापपट्टी
दाबून उघडणारं दार आधी कुणीतरी कागदावर काढलं, त्याची मागणी झाली, तेव्हा फिटिंगवाले मागे लागले. तुम्ही बैल गाडीमागे जुंपताय. असं करा, पुढच्या इंटरझुमला जाल तेव्हा तिथे दिसलेल्या लाकडाच्या आणि दगडाच्या नक्ष्यांची यादी इथेच टाका. त्यानंतरच्या सालोनेची माझी यादी मी तिच्या खाली टाकतो. किती जुळतात ते खिडकीपाशी मोजतील.